मदत हवी आहे : शेततळ्यातील मासे पहाटे मरत आहेत, तातडीचा उपाय सांगावा

पठारकर

नमस्कार. आम्ही पती-पत्नी संगमनेर तालुक्याच्या पठार भागात राहतो. नोकरी सोडून गावी आल्यापासून घरखर्च शक्य तितका शेतातूनच भागवायचा, असे आमचे धोरण आहे. बाजरी, कडधान्ये, भाजी, अंडी आणि दूध घरचे असल्याने बाजारातून तेल, मीठ, चहा-साखर यांपलीकडे फारसे काही आणावे लागत नाही. त्याच हिशेबाने कांद्यासाठी केलेल्या शेततळ्यात मागच्या पावसाळ्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडले. आता ते खाण्याजोगे होत आले असताना पहाटे रोज काही मासे मरून काठाला लागलेले दिसतात. ज्यांच्याकडून बीज आणले त्यांनी चुना टाकायला सांगितले. तो टाकला, उपयोग झाला नाही. पाणी स्वच्छ आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. 'तज्ज्ञांना भेटा' असे प्रतिसाद नकोत, कारण उद्या पहाटे पुन्हा मासे मरणार आहेत.

बांधावरून

आपण उपाय विचारला आहे, पण रोग कळेल असे काहीही लिहिलेले नाही. तळे केवढे आहे, मातीचे आहे की प्लॅस्टिकच्या कागदाचे, मासे किती सोडले, आणि सोडले ते जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) होते, बीज (त्याहून थोडे मोठे) होते की बोटुकली (बोटाएवढे मासे), हे कृपया सांगावे. मेलेल्या माशांची तोंडे उघडी असतात का? अंगावर लाल चट्टे आहेत का? लहान मरतात की मोठे? शेजारच्या पिकावर अलीकडे काय फवारले, आणि फवारणीचा पंप कुठे धुतला? कांद्यावरील फुलकिड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही कीटकनाशकांचा अगदी थोडा अंशही माशांना पुरतो. तसे झाले असेल तर बेडूक आणि पाणकिडेही मेलेले दिसतील.

भीमाकाठ

रोहू-कटल्याचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे उजनी धरणाच्या पाण्यात चिलापी (तिलापिया) इतकी माजली आहे की जाळे टाकले की तीच येते, आणि गरिबाच्या घरी तीच शिजते. हा मासा १९५२ साली बाहेरून आपल्या देशात आला आणि कुठल्याही पाण्यात तग धरतो. तुमच्या तळ्यात चिलापी असती तर हा धागा काढावाच लागला नसता.

खुराडे

चुना, औषधे वगैरे सर्व खर्चाचे प्रकार आहेत. तळ्याच्या कडेवर बांबूच्या माचीवर कोंबड्यांचे खुराडे बांधावे म्हणजे विष्ठा थेट पाण्यात पडते, शेवाळ वाढते आणि माशांना खाद्य विकत घालावे लागत नाही. स्वावलंबी घरासाठी याहून चांगली व्यवस्था नाही. आमच्या मामांनी अनेक वर्षे अशीच मासळी खाल्ली.

बांधावरून

खुराडेसाहेब, मासे मरत असलेल्या पाण्यात आणखी विष्ठा टाकण्याचा सल्ला देण्यापूर्वी धागाकर्त्याचे उत्तर तरी येऊ द्यावे. आणि चिलापीबद्दल सांगायचे तर ती वर्षातून अनेकदा वीण घालते, तळे बोटाएवढ्या माशांनी भरून जाते आणि ताटात येण्याजोगे त्यांतले थोडेच निघतात. उजनीचे पाणी आणि कांद्याचे शेततळे यांची तुलना होऊ शकत नाही.

पठारकर

एवढे प्रश्न येतील असे वाटले नव्हते. तळे प्लॅस्टिकच्या कागदाचेच आहे, आमच्याकडे मुरमात दुसरे कोणते असणार? ३० मीटर लांब, तितकेच रुंद आणि ३ मीटर खोल. बीज दोन हजार सोडले होते, ते बोटाएवढे होते. मेलेले बहुतेक कटले आहेत आणि तेही मोठे. तोंडे उघडी, कल्ले ताणलेले, चट्टे नाहीत. बेडूक जिवंत आहेत आणि ओरडूनही राहिले आहेत. फवारणी झालेली नाही, कांदा अजून रोपवाटिकेत आहे. पाणी थोडे हिरवट आहे, पण वास येत नाही. खाद्य म्हणून शेंगदाणा पेंड, भाताचा कोंडा आणि घरच्या गाईचे शेण देतो. आता उपाय सांगावा.

जलपरीक्षक

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. मोठे मासे आधी, पहाटे, तोंडे उघडी, अंगावर जखम नाही आणि बेडूक मजेत, ही सर्व लक्षणे पाण्यातील प्राणवायू संपल्याची आहेत. हिरवे पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री माशांप्रमाणेच तो वापरते, त्यामुळे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो. श्रावणात चार-पाच दिवस ऊन पडले नाही की दिवसाची भरही पुरेशी होत नाही. लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा. तो ३ च्या खाली गेला की मासे वर येऊन तोंडे उघडतात, आणि कटला यात सर्वांत नाजूक असतो.

घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. सकाळी दहाच्या सुमारास काठावर बसून हात पाण्यात सरळ खाली घालावा. कोपर बुडण्यापूर्वीच पंजा दिसेनासा होत असेल तर शेवाळ प्रमाणाबाहेर आहे. कोपर बुडाल्यावरही बोटे स्पष्ट दिसत असतील तर पाणी उपाशी आहे, म्हणजे त्यात माशांचे नैसर्गिक खाद्य कमी आहे.

दुसरी गोष्ट, दोन हजार ही संख्याच फार आहे. हवा मिसळणारे यंत्र नसलेल्या तळ्यात हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडतात. तुमचे तळे जेमतेम नऊ गुंठ्यांचे आहे, म्हणजे साडेचारशे ते नऊशे. सुरुवातीला मासे लहान असतात, तोवर हे जाणवत नाही. वजन वाढत गेले की तेच पाणी अपुरे पडते.

आजपासून पेंड, कोंडा आणि शेण पूर्ण बंद करावे. चार-पाच दिवस न खाल्ल्याने मासा मरत नाही. चुना तर मुळीच टाकू नये. प्लॅस्टिकच्या तळ्यात माती नसल्याने त्याचा फारसा उपयोग नाही, उलट पाण्याचा सामू (पीएच) वाढला की तळाशी कुजणाऱ्या खाद्यातून आणि शेणातून निघणारा अमोनिया अधिक विषारी होतो.

रानवाटा

सर्वांनी शास्त्र सांगितले, पण कोणी डोळ्यांनी पाहायला सांगितले नाही. तळ्यावर पाणकावळे येत असतील. त्यांनी चोच मारलेला मासा नंतर मरतो. छऱ्याची बंदूक ठेवली तर तेही थांबतात, आणि उन्हाळ्यात पाण्यावर उतरणारे तितर, लावरी व ससे यांमुळे घरच्या रश्श्याचीही सोय होते. आमच्या आजोबांच्या काळी माळावरच्या कुटुंबाला वर्षभरात विकतचे मटण लागत नसे. स्वावलंबन म्हणायचे आणि फक्त कोंबड्या-गाईंपाशी थांबायचे, हे मला पटत नाही.

बांधावरून

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तितर, लावरी आणि ससा यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो आपल्या मालकीच्या शेतात केल्याने सौम्य होत नाही. आजोबांच्या काळचे माळरानही आता राहिलेले नाही. बरेचसे नांगराखाली गेले आहे. पाणकावळ्यांसाठी तळ्यावर दोन-दोन हातांच्या अंतराने आडव्या दोऱ्या ताणाव्यात, म्हणजे त्यांना उतरता येत नाही.

रानवाटा

कायदा मलाही ठाऊक आहे. रानडुकरे एका रात्रीत मक्याचे शेत लोळवतात तेव्हा हा कायदा शेतकऱ्याला काय देतो, एवढेच विचारायचे होते.

बांधावरून

पंचनामा होऊन शासनाकडून भरपाई मिळते, तीही वेळेत अर्ज केला तर. हा विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा. येथे मासे मरत आहेत.

भीमाकाठ

मग वातावरणातील हवा घेणारा मासा ठेवावा. मरळ किंवा देशी मागूर पाण्यावर येऊन हवा गिळतो, त्याला या प्राणवायूच्या भानगडी नाहीत. फक्त थाई मागूर आणू नये, त्याच्या पालनावर बंदी आहे.

जलपरीक्षक

मरळ उत्तम मासा आहे, परंतु तो शिकारी आहे आणि आत्ता तळ्यात असलेल्या लहान माशांवरच ताव मारेल. धागाकर्त्यांनी नवे काही सोडण्यापूर्वी आहेत ते कमी करावेत. एक तृतीयांश तरी मासे काढून घरी खावेत किंवा विकावेत, हाच कमीत कमी खर्चाचा उपाय आहे.

पठारकर

आमच्याकडे श्रावण पाळतात. घरात मासे शिजत नाहीत आणि गावातही या महिन्यात गिऱ्हाईक मिळत नाही. काढून करायचे काय?

सुकट-बोंबील

साफ करून, मीठ लावून उन्हात वाळवून ठेवावेत. आमच्याकडे रायगड जिल्ह्यात पावसाळ्याची बेगमी अशीच होते.

बांधावरून

ती बेगमी तुमच्याकडे उन्हाळ्यात होते. या दिवसांत पठारावर ऊन कुठले? ओला मासा ढगाळ हवेत दोऱ्यावर लटकवला की माश्या बसून आळ्या पडतात. मासे कमी करायचे असतील तर तालुक्याच्या ठिकाणी घाऊक व्यापाऱ्याशी बोलावे. श्रावण सगळेच पाळत नाहीत.

विहीरवाला

माझा एक साधा प्रश्न आहे, जो अजून कोणी विचारलेला नाही. पठारावर यंदा पाऊस बेताचाच असणार. मग तळे कशाने भरता? बोअरने भरत असाल तर पाइप तळ्यात कुठे सोडला आहे, आणि मोटर कधी चालते?

पठारकर

बोअरनेच भरतो. पाइप कागदावर घसरू नये म्हणून खाली तळापर्यंत नेऊन दगडाने दाबला आहे. मोटर लाईट असेल तेव्हा चालते. आमच्या भागात थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री असते. या आठवड्यात रात्रीची पाळी आहे. याचा काय संबंध?

विहीरवाला

हाच संबंध आहे. खोल बोअरच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि कार्बन डायऑक्साइड मात्र भरपूर विरघळलेला असतो. ते पाणी उंचावरून पडून फुटले तर वाटेत हवा घेते. तुम्ही ते तळाशी, बुडालेल्या पाइपातून, ज्या वेळी तळ्यातील प्राणवायू आधीच उतरणीला लागलेला असतो त्याच वेळी सोडत आहात. म्हणजे मासे जेथे कमी प्राणवायूत कसेबसे श्वास घेत आहेत, तेथे बिनप्राणवायूचे पाणी वाढत जाते. दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात मासे कमी मेले होते का, हे आठवून पाहावे.

पठारकर

मागच्या आठवड्यात दिवसाची लाईट होती आणि एखादाच मासा मेला होता. पत्नीचेही हेच म्हणणे आहे.

जलपरीक्षक

विहीरवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. संख्या बरोबर असती तर तळ्याने तेवढे बोअरचे पाणी पचवले असते. दोन्ही कारणे एकत्र आली आहेत.

विहीरवाला

संख्या आज रात्रीत कमी होणार नाही, पाइप मात्र तासाभरात हलवता येतो. बांबूचे दोन खांब रोवून पाइपाचे तोंड पाण्यापासून किमान चार-पाच फूट उंच धरावे आणि खाली फरशीचा तुकडा किंवा भोके पाडलेला पत्र्याचा डबा ठेवावा, म्हणजे पाणी त्यावर आपटून फुटेल. रात्री मोटर सुरू होणारच असेल तर पाणी अशाच रीतीने पडू द्यावे, नाहीतर पाणी शेजारच्या पिकाला वळवावे. याशिवाय एक सिंगल फेजची लहान मोटर तळ्यातलेच पाणी उचलून जुन्या तुषार संचाच्या तोट्यांतून पुन्हा तळ्यावर उडवेल अशी लावावी आणि पहाटे तीनपासून उजाडेपर्यंत चालवावी. नवीन यंत्र विकत घेण्याची घाई करू नये.

आणखी एक गोष्ट, आपण न विचारताही सांगतो. या कामासाठी तळ्याच्या उतारावर उतरू नका. ओला कागद बुळबुळीत असतो, पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, आणि अशा तळ्यांत दरवर्षी माणसे बुडतात. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरच्या खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेले असावेत. नसतील तर हे काम पाइपाच्या आधी करावे.

पठारकर

दोर एकाच बाजूला आहे, आज बाकीचे बांधतो. पाइप उचलून पत्र्याच्या डब्यावर सोडला आहे, आणि खाद्य व शेण बंद केले आहे. कोपराची परीक्षा केली, मनगट बुडेपर्यंतच पंजा दिसला. तालुक्याच्या व्यापाऱ्याने रविवारी जाळे घेऊन येतो म्हटले आहे. नंतर घरापुरता मासा अधूनमधून कसा काढावा? गळ टाकला तर चालेल का?

जलपरीक्षक

गळ टाळावा. मासा ओढून काठाकडे आला की गळ कागदाला लागतो, आणि टाचणीएवढ्या भोकातूनही तळे हळूहळू गळते. घरापुरत्या माशांसाठी रोज एका ठराविक कोपऱ्यात ठराविक वेळी खाद्य टाकण्याची सवय लावावी. मासे तेथे जमतात आणि लांब दांड्याच्या झोळीने हवे तेवढे उचलता येतात. मोठे आधी काढावेत. खाद्य पुन्हा सुरू कराल तेव्हा माशांच्या एकूण वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक नको, आणि ढगाळ दिवशी तेही नको. रविवारी व्यापारी आला की काढलेल्या माशांचे वजन लिहून ठेवा आणि येथे कळवा, म्हणजे तळ्यात अंदाजे किती उरले ते सांगता येईल.

नवा सदस्य

धागा पूर्ण वाचलेला नाही. शेततळ्याला अनुदान मिळते का?

बांधावरून

मिळते. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. सातबारा आणि आठ-अ उतारा तयार ठेवा.