मदत हवी आहे: विधेयकाच्या परिणामांचा अभ्यास नेमका कुठे सापडतो?

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी विषय घेतलाय: नवा कायदा आणण्याआधी त्याचा लोकांवर काय परिणाम होईल, हे सरकार कसं तपासतं?

केंद्राचं २०१४ चं धोरण वाचलं. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत सोप्या भाषेतली टिप्पणी. तीत खर्च, पर्यावरण, मूलभूत हक्क आणि बाधितांची उपजीविका यांवरचे अंदाजित परिणाम द्यायचे. कागदावर झकास! पण हे धोरण आहे, कायदा नव्हे. पाळलं नाही म्हणून विधेयक अडत नाही. विधेयकाला जोडलेलं वित्तीय ज्ञापन तिजोरीपुरतंच बोलतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, पण तो जमीन घेणाऱ्या प्रकल्पाचा, नव्या कायद्याचा नव्हे.

आता अडलंय ते इथे. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर (व्यक्ती-संघटनांच्या बेकायदा कृत्यांना आळा घालण्यासाठीचं) विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. त्यांची छाननी कोणत्या निकषांवर झाली, याची कागदपत्रं कुणी माहिती अधिकारात मागवली आहेत का? अर्ज विधिमंडळ सचिवालयाकडे करायचा की गृह विभागाकडे? मंत्रालयात काम केलेलं कुणी असेल तर विभागाच्या फाइलवर परिणामांबद्दल खरंच काही लिहितात का, तेही सांगा. गाईडबाई रोज विचारतायत!