सीओटू बंद होत नाहीये, मासे वर आलेत

बी-४०३: फिश टँकवालं कुणी जागं आहे का? टायमर दहालाच बंद झालाय, तरी बुडबुडे मोजायच्या काउंटरमध्ये झाडांसाठी सोडतो त्या सीओटूचे (कार्बन डायऑक्साइड) बुडबुडे चालूच आहेत. सगळे मासे वर येऊन तोंड वासतायत 😟

ए-१०२: आधी सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह हाताने बंद करा. मग एअर पंप लावा, पाणी वरून चांगलं खळखळू दे. आणि सोलेनॉइडच्या (टायमरवर गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) कॉइलला हात लावून सांगा, गरम आहे का?

बी-४०३: केलं बंद, पंपही लावला. कॉइल गार आहे. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवतो तो) पिवळाधमक, म्हणजे गॅस फार झालाय.

ए-१०२: गार म्हणजे कॉइलला करंट येत नाहीये, टायमरचा दोष नाही, व्हॉल्व्हच उघडा अडकलाय. चेकरचा रंग तासभर तरी मागे असतो, आता माशांच्या श्वासाकडेच बघा. थोडं पाणीही बदला, तापमान सारखं ठेवून.

सी-२०१: पण करंट गेला की तो आपोआप बंद होतो ना?

ए-१०२: व्हायला हवा ताई. करंट गेला की आतली स्प्रिंग सील खाली दाबते. पण सीलखाली टेफ्लॉन टेपचा बारीक तुकडा आला किंवा टँकचं पाणी नळीतून उलटं शिरलं, की फट राहतेच. म्हणून पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह हवाच. माझं स्पष्ट मत आहे, सोलेनॉइडला फक्त स्विच समजा, त्याच्या भरवशावर झोपू नका. तो अडकला तरी मासे जगतील की नाही, हे गॅसची धार बारीक करणारा नीडल व्हॉल्व्ह आणि सिलिंडरचा दाब कमी करणारा रेग्युलेटर यांवर ठरतं. सिलिंडरमध्ये २० अंशाला सुमारे ५७ बार दाब असतो. साध्या सिंगल स्टेज रेग्युलेटरमध्ये सिलिंडर संपत आला की बाहेरचा दाब उलट वाढतो, आणि टँकमध्ये एकदम जास्त गॅस जातो. नवीन घेणार असाल तर दाब दोन टप्प्यांत कमी करणारा टू स्टेजच घ्या.

ए-३०४: आमचा टँक बाळाच्या खोलीत आहे. गॅस खोलीत गळला तर?

ए-१०२: सिलिंडर तिथून आजच हलवा, प्लीज. २ किलोत साधारण १००० लिटर गॅस असतो. १० बाय १० ची बंद खोली, उंची ९ फूट धरली, तर सगळा सुटल्यावर हवेत ४ टक्क्यांच्या आसपास सीओटू होतो. एवढा माणसालाही घातक आहे. त्याला वास नाही, आणि हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तो खाली साठतो. सिलिंडर हवेशीर जागी, उभाच आणि भिंतीला बांधून ठेवा. प्रत्येक वेळी भरून आणल्यावर जोडांना साबणाचं पाणी लावून बघा.

बी-४०३: मासे जरा खाली जायला लागलेत. उद्या परत चालू करू?

ए-१०२: दिवसा, तुम्ही समोर असतानाच. मग सोलेनॉइडचा प्लग काढून बघा, गॅस थांबतो का. नळीतला उरलेला दाब ओसरेपर्यंत थोडे बुडबुडे येतील. त्यानंतरही थांबले नाहीत तर सोलेनॉइड बदला, नवीन बसेपर्यंत गॅस बंदच. झाडं थोडे दिवस सीओटूशिवाय काढतील, फक्त लाइटचे तास कमी करा, नाहीतर शेवाळ धरेल.