जैसलमेरहून परतलेला पेशंट: व्हायव्हॅक्स मलेरिया, प्लेटलेट 38,000 आणि कावीळ?

जालना_लॅब: जैसलमेरच्या साइटवरून परतलेला, वय 30. पाच दिवस थंडी-ताप, डोळे पिवळे. हिमोग्लोबिन 9.2, प्लेटलेट 38,000, बिलिरुबिन 4.1 (जास्त इनडायरेक्ट, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्याचं), एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) 70. एनएस1 (डेंग्यूची चाचणी) निगेटिव्ह. आरडीटीवर (मलेरियाची झटपट कीट) फक्त व्हायव्हॅक्सची रेघ. निव्वळ व्हायव्हॅक्समध्ये एवढं होतं? शिवाय स्लाइड निळसर येते, जाड थेंब (परजीवी शोधायला काचेवर घेतलेला रक्ताचा थेंब) धुऊन जातो.

फिजिशियन_लातूर: होतं. व्हायव्हॅक्समुळे गंभीर आजार झालेले पेशंट बीकानेरच्या डॉक्टरांनी 2005 मध्येच नोंदवलेत: कावीळ, किडनी निकामी, बेशुद्धीसुद्धा. व्हायव्हॅक्स कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो, त्यामुळे परजीवी कमी दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. एसजीपीटी हजारात असता तर आधी हिपॅटायटिस शोधला असता. क्रिएटिनिन, साखर आजच करा. पाचव्या दिवशीच्या एनएस1वर डेंग्यू सोडू नका, आयजीएम (अँटीबॉडीची चाचणी) लावा. फॅल्सिपेरम (मलेरियाचा जास्त घातक परजीवी) सोबत आहे का, हे मात्र स्लाइडच सांगेल.

मायक्रोस्कोपी_बीड: जाड थेंब बोटातूनच घ्या. ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात तासन्‌तास पडलेल्या रक्तात परजीवी वेडेवाकडे होतात, प्लेटलेटचे गठ्ठे होऊन आकडाही खोटा कमी येतो. तो पातळ फिल्मवर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) पडताळा. थेंब साधारण एक सेंटिमीटर रुंद, खालचे छापील अक्षर वाचता येईल इतका. स्लाइड तेलकट असली किंवा थेंब पुरता वाळला नसला की तो सुटतो. पण लवकर वाळावा म्हणून हीटरवर धरू नका, उष्णतेने थेंब पक्का होतो आणि त्यातलं हिमोग्लोबिन निघतच नाही. मिथेनॉल फक्त पातळ फिल्मला. निळसरपणा बहुधा बोअरच्या पाण्याचा: बफरचा पीएच 7.2 ठेवा, 10 टक्के गिम्सा (परजीवी रंगवायचा रंग) दहा मिनिटं. 100 फील्ड पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका. मोजणी: 200 पांढऱ्या पेशींमागचे परजीवी गुणिले 40, म्हणजे एका मायक्रोलिटरमधले परजीवी (पांढऱ्या पेशी 8,000 धरून).

जालना_लॅब: स्लाइड निगेटिव्ह आली तर?

मायक्रोस्कोपी_बीड: 12 ते 24 तासांनी पुन्हा, असं तीनदा. आधी क्लोरोक्विन किंवा डॉक्सीसायक्लिन घेतली का, विचारा; दोन्हींनी परजीवी कमी होतात. आरडीटी कीटवर एचआरपी-2ची (फॅल्सिपेरमचं प्रथिन) रेघ उमटली तर जुन्या फॅल्सिपेरमचीही असू शकते, उपचारानंतर ती काही आठवडे राहते.

फिजिशियन_लातूर: यकृतात दडलेल्या व्हायव्हॅक्ससाठी द्यायच्या 14 दिवसांच्या प्रायमाक्विनआधी जी6पीडी पाहा; हे एन्झाइम कमी असलं तर या औषधाने तांबड्या पेशी फुटतात, आणि हिमोग्लोबिन आधीच खाली आहे. वाळवंटात डास कुठून, असं वाटत असेल तर: तिथल्या टाक्यांत मलेरिया पसरवणारा स्टेफेन्सी डास वाढतो. टंचाईत आपल्याकडचे उघडे हौद आणि प्लास्टिकच्या टाक्याही त्याला चालतात, तेव्हा पेशंटला मच्छरदाणीत ठेवा.