द्रुपदाने मैत्री मोडली की द्रोणाने?

धागाकर्ता: महाभारतातलं आदिपर्व पुन्हा वाचताना एका जागी अडखळलो. द्रोण आणि द्रुपद भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र वाढले. एक राजपुत्र, दुसरा ऋषीचा मुलगा. ‘मी गादीवर बसलो की राज्य तुझंही’ असं द्रुपद म्हणालेला. पुढे द्रोणाच्या घरी इतकी ओढग्रस्त, की अश्वत्थामा पिठाचं पाणी दूध समजून प्यायला आणि आनंदाने नाचला. तेव्हा कुठे बाप जुन्या मित्राच्या दारी गेला. उत्तर काय मिळालं? दरिद्री माणसाची श्रीमंताशी मैत्री नसते; राज्याचा असा काही करार मला ठाऊक नाही; हवं तर एका रात्रीचं जेवण देतो. हा सरळसरळ दगा. दिलेला शब्द विसरणं श्रीमंतालाच परवडतं.

उलटतपासणी: जरा थांबा. हे वचन आपल्याला कळतं ते द्रोणाच्याच तोंडून, तो भीष्मांना आपली कहाणी सांगतो तेव्हा. द्रुपद माजोरडेपणाने बोलला, मान्य. पण पोरवयातल्या बोलण्यावर कुणी अर्धं राज्य वसूल करतं? द्रोणाने ते केलं, आणि तेही शिष्यांकरवी. गुरुदक्षिणा म्हणून अर्जुनाने द्रुपदाला पकडून आणलं. वर द्रोण म्हणतो, राजा नसलेला राजाचा मित्र होत नाही ना, म्हणून गंगेच्या उत्तरेचा भाग मी ठेवतो, आता आपण मित्र. म्हणजे द्रुपदाचाच नियम याने मुकाट मान्य केला! एकलव्याचा अंगठा तर आणखी वेगळाच.

सालगड्याचा मुलगा: पुराण राहू द्या. माझे वडील सालाने होते, पाडव्याला साल ठरायचं. मालकाचा मुलगा माझ्याच वयाचा. विटीदांडू, विहिरीत पोहणं, सगळं बरोबर. पण त्याच्या ओसरीच्या आत मी कधी गेलो नाही, आणि ते दोघांनाही खटकलं नाही. आठवीत असताना विहिरीवरची मोटर चोरीला गेली. ती त्याच्या चुलतभावाने विकली हे त्याला ठाऊक होतं, त्यानेच मला सांगितलेलं. वडिलांना चौकीत नेलं तेव्हा तो ओसरीवर उभा होता. एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही, कारण त्याला शब्द दिला होता. आता सांगा, दगा कुणाचा?

धागाकर्ता: हेच तर म्हणतोय. शब्द पाळायचा तो खालच्याने.

उलटतपासणी: तेरा-चौदा वर्षांचं पोर घरच्या मोठ्यांसमोर काय बोलणार? त्याला गुन्हेगार ठरवणं मला जड जातं. वडिलांसाठी तुम्ही तरी तोंड उघडायला हवं होतं, हे मात्र म्हणेन.

सालगड्याचा मुलगा: म्हणा. आई अजून तेच म्हणते.

धागाकर्ता: नंतर कधी भेटला का तो?

सालगड्याचा मुलगा: मला नोकरी लागल्यावर त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, त्याआधी कधी काही नाही. गेलो. सगळ्यांना ‘माझा लंगोटीयार’ म्हणून ओळख करून दिली, पंगतीत शेजारी बसवलं, जिलेबीचा आग्रह केला. मोटरचं त्यानेही काढलं नाही, मीही नाही.