जुन्या हार्ड डिस्क भंगारात द्याव्यात का?

प्रश्न: वागळे इस्टेटमधलं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस घोडबंदरला हलवतोय. माळ्यावर जुन्या हार्ड डिस्क आणि एसएसडी निघाल्या, सगळ्यात अशिलांचे पॅन-आधार. भंगारवाला वजनावर मागतोय. फॉरमॅट मारून देऊ?

उत्तर: अजिबात नको! क्विक फॉरमॅटनंतरही फाइली परत निघतात. हार्ड डिस्क पूर्ण ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या डेटावर सगळीकडे नवा डेटा लिहा. एसएसडीला तेवढं पुरत नाही, त्यात सिक्युअर इरेजच (सगळा डेटा पुसणारी एसएसडीचीच कमांड) चालवा.

प्रश्नकर्ता: एक डिस्क चालूच होत नाही, नुसती टकटक वाजते.

उत्तर: तिला ड्रिल मारा, आतल्या चकत्यांच्या आरपार. बंद डिस्कमधूनही रिकव्हरीवाले डेटा काढतात.

दुसरं उत्तर: दादा, आधी जीएसटीचे हिशेब वेगळे काढा, वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात. बाकी माल नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरलाच द्या आणि सिरियल नंबरसकट नष्ट केल्याचा दाखला मागून घ्या. अशिलांनी विश्वासाने दिलेली कागदपत्रं आहेत ती.