वेब डेव्हलपमेंट शिकताना तीनदा सुटलं, परत कसं बसू?

तापीकाठ (चोपडा तालुका)

नमस्कार. बी.एस्सी. झालंय, घरी केळी आणि कापूस. गेल्या आखाजीपासून वेब डेव्हलपमेंट शिकतोय. एचटीएमएल, सीएसएस बऱ्यापैकी जमतं. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन, यादी ठेवणाऱ्या अ‍ॅरेपर्यंत पोहोचलो की काहीतरी आडवं येतं. जूनमध्ये लागवड आली, दिवाळीत कापसाची वेचणी. मध्ये शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची असली की मोटारीसाठी जागरण होतं, दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही. पंधरा दिवसांनी बसावं तर मागचं पुसलेलं असतं. मग नवा कोर्स धरतो, पुन्हा पहिला व्हिडिओ. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, रिकामी फाइल उघडली की एक ओळ सुचत नाही.

पुण्याला क्लास लावणं परवडणार नाही. कोणता कोर्स धरू? आणि सुटलं की परत कसं बसायचं? आई रोज विचारते, "किती राहिलं रे अजून?" तिला काय सांगावं कळत नाही.

जंक्शनकर (भुसावळ, सध्या पुणे)

कोर्सचं आधी सांगतो. फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट, दोन्ही पूर्ण मोफत. ओडिनमध्ये सुरुवातीलाच स्वतःच्या मशीनवर सगळं बसवून गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकावं लागतं. चांगलं आहे, पण सलग वेळ मागतं. तुझं काम खंडाखंडाने चालणार, तर फ्रीकोडकॅम्प घे. छोटे छोटे धडे आहेत, कोड ब्राउझरमध्येच तपासला जातो आणि कुठे थांबलास त्याची खूण राहते. काही अडलं तर एमडीएन या वेबची माहिती देणाऱ्या साइटवर वाच, व्हिडिओ शोधू नकोस. फ्लेक्सबॉक्स (पानावरच्या गोष्टी मांडायची सीएसएसची पद्धत) कच्चं असेल तर फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी नावाचा खेळ आहे, २४ पायऱ्यांचा, तो एकदा पूर्ण कर.

आणि आता चौथा कोर्स शोधत बसू नकोस.

पिलबाग (यावल तालुका, आता जळगाव)

कोर्सबद्दल वर सांगितलंय ते बरोबर आहे. पण मला वाटतं तुझं खरं अडलंय ते दुसऱ्या प्रश्नावर. मीही तिथेच अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या वडिलांकडे केळीच्या विक्रीच्या पट्ट्या, म्हणजे पावत्या, कपाटात कोंबलेल्या असायच्या. कोणत्या गाडीला काय भाव मिळाला ते शोधायला अर्धा दिवस जायचा. मी एक पान करायला घेतलं: वजन टाका, भाव टाका, रक्कम बघा. पहिल्याच दिवशी एका गाडीचे ४० क्विंटल आणि दुसरीचे ३५ टाकले, तर बेरीज आली ४०३५. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. इनपुटमधून आलेली किंमत हा मजकूर असतो. आकडा हवा तर नंबर फंक्शनमधून काढावी लागते, नाहीतर अधिकचं चिन्ह दोन मजकूर जोडून देतं. व्हिडिओत हे तीनदा ऐकलं होतं, वडील शेजारी बसले होते तेव्हा कळलं. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. तिच्यात अशा जागा आहेत, तिथे अडखळलास म्हणून तुझं डोकं कमी ठरत नाही.

पुढे वडिलांच्या फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसली, तेव्हा पान फोनच्या रुंदीत बसवणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग शिकले. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं तर शिरोरेषाच तुटली. देवनागरीला ते लावायचं नाही, त्यापेक्षा ओळींमधलं अंतर वाढवायचं, म्हणजे मात्रा आणि उकार एकमेकांना भिडत नाहीत. मग वडील म्हणाले, मागच्या वर्षीचा भाव पण दिसू दे. म्हणून ब्राउझरमध्येच माहिती साठवणारं लोकल स्टोरेज शिकले. भावाने फोन साफ करताना ब्राउझरचा डेटा उडवला आणि वर्षभराच्या पट्ट्या गेल्या. फार वाईट वाटलं. वडिलांनी कागद जपून ठेवले होते म्हणून निभावलं. त्याच आठवड्यात सर्व्हर आणि डेटाबेसचे धडे काढले, आणि ते मला कधी कंटाळवाणे वाटले नाहीत.

तर घरातल्या कुणाला तरी लागणारी एक गोष्ट करायला घे. वाट बघणारं माणूस असलं की पंधरा दिवसांनीही तू त्या फाइलकडे परत जातोस.

परत बसण्याचं म्हणशील तर उठण्याआधी फाइलच्या वर मराठीत एक ओळ लिहून ठेव: "पुढे बटण दाबल्यावर यादी रिकामी होत नाही, ते बघायचं." खंड पडल्यावर कोर्सकडे जायचंच नाही. तीच फाइल उघडायची, ती ओळ वाचायची, तेवढंच करायचं. जागरणाच्या आठवड्यात रोज वीस मिनिटं पुरे. तेही जमलं नाही तर झोप काढ, पण दुसरी फाइल धरू नकोस.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, सहा महिन्यांत नोकरी अशा जाहिरातींवर मन लावू नको. मला पहिलं काम मिळायला दोन वर्षं लागली, तीही दुकानात बसून. सोप्पं नही शे, पण व्हस. आईला तारीख सांगू नको, केलेलं पान दाखव. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर साधं पान फुकट चढवता येतं, लिंक तिच्या फोनवर पाठव.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. पिलबागताई, तुमचं रात्री मोटारीवर बसून दोनदा वाचलं. सकाळी आईला विचारलं, तुला काय लागतं. ती वेचणीचा हिशेब वहीत लिहिते, कोणत्या बाईने किती किलो वेचलं, कारण मजुरी किलोवर असते. दर आठवड्याला बेरजा करत रात्री बसते. म्हणाली, एवढं करून दे.

काल नाव आणि किलो घेणारा फॉर्म झाला. बेरीज नंबर लावूनच केली. आता अडलोय ते असं: एका बाईच्या तीन-चार दिवसांच्या वेचण्या एकाच नावाखाली कशा ठेवू? प्रत्येकीची वेगळी अ‍ॅरे करू का?

पिलबाग

वेगळ्या नको. एक ऑब्जेक्ट घे, म्हणजे नावानिशी माहिती ठेवणारा कप्पा; बाईचं नाव ही त्याची की (ओळखीची खूण), आणि त्या नावापुढे किलोंची अ‍ॅरे. नाव आधीच असेल तर पुश कर, म्हणजे किलो त्या यादीच्या शेवटी जोड, नसेल तर नवी अ‍ॅरे. पण एकाच नावाच्या दोन बाया असतील तर दोघींची मजुरी एकत्र होईल. आईला विचार, ती वहीत त्यांना वेगळं कसं लिहिते. तेच कोडमध्ये आण.