रोजच्या छोट्या सुखांतून कपड्यांचे कोलाज सुचतात कसे?

कात्रणवेडी

नमस्कार मंडळी. रात्री झोपण्यापूर्वी फोनवर कपड्यांचे कोलाज करत बसणं हा माझा आवडता रिकामा उद्योग आहे. पॉलिव्होर हे असे कोलाज करायचं संकेतस्थळ होतं तेव्हा त्यावर 'सेट', म्हणजे हेच कोलाज, करायचे. ते 2018 मध्ये बंद पडलं, तेव्हापासून हाताला लागेल त्या ॲपवर. फोटोमागची बॅकग्राउंड उडवायची, कोट इकडे, बूट तिकडे, मधेच एखादं झुंबर नाहीतर नेच्याचं पान. विकत काही घ्यायचं नसतं, अंगावर घालायचंही नसतं. त्यामुळे सहा हातांची बाई नटवली तरी कुणी जाब विचारत नाही.

पण हल्ली सगळे सेट एकाच साच्यातून निघाल्यासारखे होतात. ॲप उघडलं की जे समोर येतं तेच उचललं जातं: वाळूच्या रंगाचा कोट, पांढरे बूट, चौकोनी पर्स. एका मैत्रिणीने सुचवलं, रोजच्या जगण्यात तुला कशात मजा येते तिथून सुरुवात कर. पाऊस पडत असताना खिडकीशी बसणं मला फार आवडतं, म्हणून पावसावर सेट केला. निळा रेनकोट, छत्री, गमबूट. झालं काय, तर फॅन्सी ड्रेसमधला 'मी पाऊस बोलतोय'!

शिवाय खिडकीबाहेरच्या ओल्या भिंतीच्या आणि हिरवळीच्या फोटोतून ड्रॉपरने (फोटोतला रंग टिपायच्या साधनाने) रंग उचलले, ते कोलाजमध्ये अगदी मरगळलेले दिसले. तुम्हाला कसं सुचतं? आणि रंगांचं काय करता?

उसवण

अगं-तुगं करतेय, चालेल ना? तुझ्या सेटमध्ये पाऊस आहे, तुझी मजा कुठे आहे? तुला भिजायला आवडतं असं तू लिहिलेलंच नाहीस. तुला आवडतं खिडकीशी बसणं. म्हणजे बाहेर धो धो चाललंय आणि आपण कोरडे, उबेत. सुख आहे ते आत-बाहेरच्या फरकाचं. कपड्यात आत-बाहेर कुठे असतं? अस्तरात! बाहेरून राखाडी, जाडाभरडा, कुणी वळून बघणार नाही असा कोट घे आणि आतून हळदी पिवळं अस्तर, तेही बटणं उघडी राहिली तर दिसेल इतकंच. छत्री नको, निळा नको. बघणाऱ्याला पाऊस ओळखता आला नाही तरी बिघडत नाही.

मी शिवणकाम करते, त्यामुळे कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटी बाजू बघायची सवय. सुखांच्या बाबतीतही मी तेच करते. आवडली ती वस्तू बाजूला ठेवायची आणि तिच्यातलं नेमकं काय आवडलं ते शोधायचं. परवा पेन्सिलीला टोक करत होते. शार्पनरमधून साल न तुटता निघाली की मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो. सरळ विचार केला असता तर पेन्सिलीची चित्रं छापलेला फ्रॉक शोधत बसले असते. सालीकडे नीट बघितलं तर तिच्यात तीन गोष्टी दिसल्या. फिकट लाकूड भरपूर आणि रंग फक्त काठाला, दोऱ्याएवढा. तो काठ सरळ नाही, कंगोऱ्यांचा आहे. आणि सगळी साल एका टोकाशी आवळलेली, दुसरीकडे पंख्यासारखी उलगडलेली. यावरून सेट केला: न रंगवलेल्या सुती कापडाचा, कमरेशी चुण्या घेतलेला मोठ्या घेराचा स्कर्ट, खालच्या काठाला लाल पायपिंग, आणि बाकी कुठेही लाल नाही. लिपस्टिकसुद्धा नाही. तिथेच खूप मोह होतो, आणि तिथेच सगळं बिघडतं.

पोताचं मात्र स्क्रीनवर अवघड आहे. उन्हात वाळलेला सदरा अंगात घालताना जो कडकपणा जाणवतो तो फोटोत कसा आणणार? मी घडीकडे बघते. कडक कापडाची घडी कोनात मोडते, सुळसुळीत कापड ओघळतं. घडीची रेघ स्पष्ट दिसेल असाच फोटो निवड, मग हाताला न लागताही कापड कळतं.

निळसर_काळा

वरचा प्रतिसाद भारी. मी फक्त मरगळलेल्या रंगांबद्दल लिहितो.

एक दोष कॅमेऱ्याचा. ऑटो व्हाइट बॅलन्स संध्याकाळच्या उजेडाचा पिवळेपणा 'दुरुस्त' करून टाकतो, म्हणजे जो उजेड आवडला म्हणून फोटो काढला तोच निम्मा पुसला जातो. पण मोठं कारण शेजाऱ्यांचं आहे. शेव्हरोल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलाँ या भिंतीवरची चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे तक्रार आली की विणकामात निळ्या-जांभळ्याच्या छटांसाठी वापरलेला काळा धागा फिका दिसतो. तपासलं तर रंगात खोट नव्हती. निळ्याशेजारी बसल्यामुळे काळा धागा डोळ्याला तसा दिसत होता. यावर त्यांनी 1839 मध्ये जाडजूड ग्रंथच लिहिला.

तुझ्या फोटोत ते हिरवं ओल्या करड्या भिंतीला लागून होतं, म्हणून उठून दिसलं. कोलाजमध्ये तू त्याला पांढऱ्याफटक पानावर आणून ठेवलंस. तेव्हा एकटा रंग उचलू नकोस, शेजाऱ्यासकट उचल आणि दोघांचं प्रमाण साधारण तेच ठेव. नाहीतर निदान पानाचा पांढरा रंग तरी बदल.

फुकटफौजदार

खेळाचा गृहपाठ करू नका हो. झोपताना चार कपडे जुळवायचे, त्यात सालीचं पृथक्करण?

उसवण

@फुकटफौजदार, गृहपाठ तपासायला कुणी असतं, इथे कोण आहे? आणि खेळ मन लावून खेळण्यात वाईट काय? प्रसिद्ध फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँ सतरा-अठराव्या वर्षी अल्जीरियातल्या ओराँला घरी बसून हाच खेळ खेळत होता. आईच्या मासिकांतल्या मॉडेलच्या आकृत्या कापून त्याने कागदी बाहुल्या केल्या आणि त्यांच्यासाठी कागदाचे शेकडो कपडे रंगवले. 1953 ते 55 मधली गोष्ट. ते कपडे त्या बाहुल्यांशिवाय कुणी घालणार नव्हतं. (1965 चा तो रंगीत चौकोनांचा, काळ्या पट्ट्यांचा प्रसिद्ध ड्रेस त्याचाच.) मला त्यातली बाहुल्या मोजक्याच असण्याची गोष्ट आवडते. आपल्या ॲपमध्ये लाखो कपडे, म्हणून बोट आपोआप पहिल्या पानावरच्या कोटावर जातं. मी सरळ एक फोल्डर केलाय, त्यात आवडीचे थोडेच कपडे ठेवलेत. नवा आणायचा तर जुना एक काढायचा.

कात्रणवेडी

सगळ्यांचे आभार, फौजदारांचेसुद्धा. :) अस्तराचा सेट करायला घेतलाय, पण घोडं अडलंय. कोटाच्या फोटोंत बटणं लावलेली असतात, अस्तर दिसतच नाही. उघडा कोट मिळाला तर अस्तर काळं. आणि पिवळं हळदी नको वाटतंय. माझ्या खोलीतल्या दिव्याचं थोडं नारिंगीकडे झुकतं, ते घेऊ?

निळसर_काळा

दिव्याचंच घे. अस्तराचा फोटो शोधत बसू नकोस. उघड्या कोटाचं चित्र घे, काळं अस्तर इरेझरने पुसून भोक पाड आणि खालच्या लेयरवर पिवळ्या कापडाचा तुकडा सरकव. साधा रंग भरू नकोस, सपाट दिसेल. सुरकुत्या असलेल्या कापडाचा फोटो हवा. कॉलरच्या आतल्या बाजूला त्या तुकड्यावर थोडी सावली दे, नाहीतर ते अस्तर कोटाच्या पुढे आल्यासारखं वाटेल.

उसवण

आणि बाहीचं टोक एकदा दुमडून बघ. तिथेही अस्तर दिसतं.